लॉग-साठवण, अतिरिक्त आभासी डिस्कवरील

संगणकात घडणाऱ्या घटनांच्या कालानुक्रमे व आपोआप होणाऱ्या नोंदींना लॉग म्हणतात. कोणी केव्हा प्रवेश केला, कोणती सेवा सुरू झाली वा बंद पडली, कोणती विनंती कोठून आली व तिला काय उत्तर दिले गेले, यांसारख्या गोष्टी त्यांत एकेका ओळीने नोंदल्या जातात. ज्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम असते तिच्यावरच या नोंदी ठेवण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी यंत्राला दुसरी स्वतंत्र डिस्क जोडून तिच्यावर नोंदी वळविण्याच्या व्यवस्थेचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. क्लाउडवरील यंत्रांच्या बाबतीत अशी डिस्क प्रत्यक्ष हाताळता येणारी वस्तू नसते. सेवा देणाऱ्या कंपनीच्या साठवण यंत्रणेतून कापून दिलेला तो एक भाग असतो आणि यंत्राला मात्र तो नेहमीच्या डिस्कसारखाच दिसतो. म्हणून तिला आभासी डिस्क असे म्हणतात.

लॉग हा शब्द नौकानयनातून आला. दोरीला बांधलेला लाकडी ओंडका पाण्यात टाकून जहाजाचा वेग मोजीत आणि तो वहीत लिहून ठेवीत. त्या वहीला प्रथम ओंडक्याचे नाव मिळाले व पुढे ते प्रत्येक कालानुक्रमी नोंदीस लागू झाले. मराठी वाचकाला याच्या जवळची वस्तू म्हणजे रोजकीर्द. पेशवे दप्तरातील रोजकीर्दीत त्या त्या दिवशीच्या नोंदी घडल्या त्या क्रमाने आढळतात, तर खतावणीत त्याच नोंदी विषयवार लावलेल्या असतात. संगणकाचा लॉग ही रोजकीर्द आहे. तिची खतावणी नंतर, गरज पडेल तेव्हा, शोधाची साधने वापरून केली जाते. फरक एवढाच, की कारकुनाचा हात थकतो, संगणकाचा थकत नाही. आणि एखाद्या सेवेत दोष उद्‌भवला म्हणजे तीच तक्रार सेकंदाला हजार वेळा लिहिली जाऊ शकते.

युनिक्स प्रणालीत नोंदींची एकच सामाईक पद्धत १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑल्मन यांनी सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी तयार केलेला ‘सिसलॉग’ हा कार्यक्रम इतर सेवांनीही स्वीकारला. बदलत जाणाऱ्या फाइली स्थिर फाइलींपासून वेगळ्या ठेवाव्यात या विचारातून ‘व्हार’ ही डिरेक्टरी आली आणि लॉग हे तिच्यातील एक दालन झाले. ही डिरेक्टरी वेगळ्या विभागावर ठेवण्याची प्रथा मोठ्या संगणकांवर जुनीच आहे. क्लाउडच्या काळात ती मागे पडली, कारण तयार साच्यातून काही मिनिटांत उभे केलेले यंत्र बहुधा एकाच डिस्कसह मिळते. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेतील उबुंटू यंत्राची सिस्टिम डिस्क सहसा सु. ३० जीबीची, तर ॲमेझॉनच्या सेवेतील अनेक लिनक्स साच्यांची केवळ ८ जीबीची असते.

गरज : डिस्क पूर्ण भरली तर काय होते, हे पाहिल्यास या व्यवस्थेचे महत्त्व कळते. सिस्टिम डिस्कवर जागा उरली नाही, की तात्पुरत्या फाइली तयार होत नाहीत, डेटाबेस लिहिणे थांबवितो, टपाल अडकते, अद्ययावत करण्याची क्रिया अर्धवट राहते आणि काही वेळा दुरुस्तीसाठी प्रवेश करणेही दुरापास्त होते. हा दोष बाहेरून पाहता यंत्र बिघडल्यासारखा भासतो. वस्तुतः यंत्र आपल्याच दैनंदिनीखाली गुदमरलेले असते. शिवाय ज्या बिघाडाची नोंद सर्वांत महत्त्वाची, त्याच वेळी नोंद लिहिण्यास जागा नसते. लॉग स्वतंत्र डिस्कवर असल्यास ती डिस्क भरली तरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू राहते. उलट, सिस्टिम डिस्क बिघडली किंवा जुन्या प्रतीवरून पूर्वस्थितीला आणावी लागली तरी लॉगची डिस्क तशीच राहते आणि ती सोडवून दुसऱ्या यंत्राला जोडून वाचता येते. म्हणजे हे विभाजन यंत्राचे नोंदींपासून व नोंदींचे यंत्रापासून असे दोन्ही अंगांनी रक्षण करते. अनेक संघटना ज्यांचा आधार घेतात त्या सीआयएस या संस्थेच्या सुरक्षा-निकषांतही लॉगसाठी व ऑडिट-नोंदींसाठी वेगवेगळे विभाग ठेवण्याची शिफारस आहे.

पुणे परिसरातील स्थिती : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे वसविलेल्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारी आहे. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट इ. कंपन्यांची मोठी कार्यालये या उद्यानात असल्याने दूरच्या देशांतील सर्व्हर सांभाळणारा मोठा वर्ग मारुंजी, माण, वाकड या भागांत राहतो व पाळ्यांमध्ये काम करतो. अझूरचा ‘मध्य भारत’ हा विभाग २०१५ मध्ये सुरू झाला व तो पुण्यात आहे. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये आणि गूगलचा २०१७ मध्ये सुरू झाला. त्यामुळे येथील कंपन्यांना यंत्रे व डिस्का दोन्ही राज्याच्या सीमेतच घेता येतात. चाकण, भोसरी व पिंपरी येथील कारखान्यांची परिस्थिती जराशी निराळी आहे. उत्पादनाशी थेट जोडलेले सर्व्हर तेथे बहुधा कारखान्यातच, व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही यांसारख्या प्रणालींवर आभासी यंत्रांच्या रूपाने चालतात आणि या पट्ट्यात गुरुवारच्या साप्ताहिक सुटीला धरून देखभालीची कामे योजण्याची रीत आहे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असला तरी धोके वेगळे आहेत. ते पुढे दिले आहेत.

डिस्कची निवड : क्लाउडवरील यंत्राला तीन प्रकारच्या डिस्का असू शकतात : सिस्टिम डिस्क, डेटा डिस्क व तात्पुरती डिस्क. यांतील तात्पुरती डिस्क यंत्र ज्या प्रत्यक्ष संगणकावर चालते त्याच्यावरच असते. ती वेगवान असते व तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, म्हणून लॉगसाठी ती वापरण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यास किंवा दुसऱ्या संगणकावर हलविल्यास तिच्यावरील सर्व मजकूर नाहीसा होऊ शकतो. अझूरमध्ये तर तशा इशाऱ्याची एक फाइलच तिच्यावर ठेवलेली असते. लॉगसाठी डेटा डिस्कच घ्यावी.

डेटा डिस्कचे शुल्क वापरलेल्या जागेवर नव्हे, तर मागणी केलेल्या आकारमानावर अवलंबून असते आणि अझूरच्या प्रीमियम प्रकारात वेगही आकारमानाबरोबर वाढतो : ६४ जीबीच्या डिस्कला सेकंदास २४०, १२८ जीबीच्या डिस्कला ५००, तर १ टीबीच्या डिस्कला ५,००० वाचन-लेखन क्रियांची मर्यादा असते. साधे लॉग एकापाठोपाठ एक लिहिले जात असल्याने त्यांना फारसा वेग लागत नाही. डेटाबेसच्या व्यवहार-लॉगची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तेथे प्रत्येक व्यवहार आधी लॉगमध्ये पक्का लिहिला जातो आणि मगच पूर्ण झाला असे मानले जाते. लॉगची डिस्क मंद असेल तर सगळा डेटाबेस मंदावतो. असा लॉग डेटापासून वेगळ्या डिस्कवर ठेवावा. अझूरवर एसक्यूएल सर्व्हर चालविताना डेटाच्या डिस्कला केवळ वाचनासाठी कॅश ठेवण्याची आणि लॉगच्या डिस्कची कॅश पूर्ण बंद ठेवण्याची शिफारस आहे. नाव एकच असल्याने हे दोन प्रकारचे लॉग एकत्र मिसळण्याची चूक वारंवार होते. व्यवहार-लॉग जागा व्हावी म्हणून हाताने पुसून टाकणे हे डेटाबेस गमावण्याचे एक खात्रीचे साधन आहे.

आकारमान ठरविताना एक दिवसाची नोंद मोजून सुरुवात करावी. उदा., एखाद्या सर्व्हरवर रोज २ जीबी नोंदी होत असतील व त्या १८० दिवस ठेवावयाच्या असतील, तर तशाच ठेवल्यास ३६० जीबी लागतील. परंतु लॉगमध्ये त्याच त्या शब्दांची पुनरावृत्ती फार असल्याने संपीडनाने ते बहुधा एक-दशांशावर येतात. शेवटचे ७ दिवस मूळ रूपात (१४ जीबी) व उरलेले १७३ दिवस संपीडित रूपात (सु. ३५ जीबी) ठेवल्यास ४९ जीबी पुरतात. त्यावर सु. तीस टक्के मोकळीक धरली, की ६४ जीबीची डिस्क योग्य ठरते. अझूर व ॲमेझॉन या दोन्ही सेवांत डिस्क मागाहून वाढविता येते, पण लहान करता येत नाही. त्यामुळे सुरुवातीला मोठा आकडा धरण्यापेक्षा बेताने घेऊन वाढवीत जाणे शहाणपणाचे.

कार्यपद्धती : डिस्क जोडल्यावर तिच्यावर फाइल-प्रणाली घालावी लागते, लिनक्समध्ये त्यासाठी ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस वापरतात. पुढे विस्तार करावयाचा असल्यास मध्ये एलव्हीएम हा थर ठेवणे सोयीचे असते. नंतर ती डिस्क एखाद्या तात्पुरत्या जागी माउंट करून, म्हणजे डिरेक्टरींच्या वृक्षाला जोडून, जुने लॉग त्यांची मालकी व परवानग्या जशाच्या तशा राखून तिच्यावर उतरवून घेतात. मग लॉग लिहिणाऱ्या सेवा थांबवून, मधल्या काळातील नवी भर पुन्हा एकदा उतरवून, डिस्क लॉगच्या मूळ जागी माउंट करतात. रेड हॅट प्रकारच्या प्रणालीत एसई-लिनक्सची लेबले पूर्ववत करावी लागतात. हे राहून गेल्यास सर्व काही बरोबर दिसूनही सेवा लिहू शकत नाहीत. विंडोजमध्ये प्रत्येक घटना-लॉगच्या गुणधर्मांत नवा मार्ग नोंदवून हेच काम होते.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून तिची नोंद एफएसटॅब या फाइलीत करतात. येथे डिस्कचे ‘एसडीबी’ यांसारखे नाव लिहू नये. अशी नावे डिस्का सापडतील त्या क्रमाने दिली जातात आणि पुढच्या वेळी तेच नाव दुसऱ्या डिस्कला जाऊ शकते. त्याऐवजी फाइल-प्रणालीचा कायम राहणारा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, द्यावा. डिस्क सापडली नाही तर काय करावे, हेही तेथेच ठरते. काहीच सांगितले नसेल तर यंत्र सुरू होताना आणीबाणीच्या अवस्थेत अडकते, आणि समोर कळफलक नसलेल्या क्लाउड-यंत्रावर हे मोठेच संकट असते. ‘नोफेल’ हा पर्याय दिल्यास यंत्र सुरू होते, पण नोंदी मुकाट्याने पुन्हा सिस्टिम डिस्कवर जाऊ लागतात व कित्येक दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही. यावर एक साधा उपाय आहे. डिस्क माउंट होण्याआधीची रिकामी डिरेक्टरी अपरिवर्तनीय करून ठेवावी, म्हणजे डिस्क नसताना तिच्यात काही लिहिताच येत नाही आणि दोष लगेच उघड होतो.

या कामातील सर्वांत फसवा भाग उघड्या फाइलींचा आहे. चालू असलेला कार्यक्रम फाइल नावाने नव्हे, तर एकदा उघडलेल्या दुव्याने ओळखतो. सेवा न थांबविता नवी डिस्क जुन्या डिरेक्टरीवर माउंट केली, तर ती सेवा खाली झाकल्या गेलेल्या जुन्या फाइलीतच लिहीत राहते. नव्या डिस्कवर नोंद दिसत नाही आणि जुनी डिस्क भरतच जाते. तसेच जागा मोकळी करण्यासाठी चालू लॉग पुसून टाकला तरी तो उघडा असेपर्यंत त्याची जागा परत मिळत नाही. अशा वेळी ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क भरल्याचे सांगते, तर ‘डीयू’ ही आज्ञा फाइलींची बेरीज त्याहून कितीतरी कमी दाखविते. या दोन आकड्यांतील तफावत हे झाकलेल्या वा पुसलेल्या, पण उघड्या राहिलेल्या फाइलींचे लक्षण समजावे. संबंधित सेवा पुन्हा सुरू केली, की पुसलेल्या फाइलींची जागा परत मिळते. झाकलेल्या फाइली मात्र डिस्क क्षणभर काढून हटविता येतात. जागा शिल्लक असूनही लिहिता येत नसेल, तर लहान लहान असंख्य फाइलींमुळे आय-नोड संपलेले असण्याची शक्यता असते.

साठा आणि मुदत : मोठी डिस्क जोडली म्हणजे नोंदी दीर्घकाळ टिकतील, ही समजूत चुकीची आहे. नोंदी किती काळ राहतात हे डिस्कवर नव्हे, तर त्या लिहिणाऱ्या सेवांच्या मांडणीवर ठरते आणि ती मांडणी लहान डिस्क गृहीत धरून केलेली असते. लॉग फिरविणारा ‘लॉगरोटेट’ बहुतेक लिनक्स प्रणालींत आठवड्याला एक याप्रमाणे चारच जुन्या प्रती ठेवतो. ‘जर्नलडी’ आपल्या फाइल-प्रणालीचा दहावा हिस्सा, पण कमाल ४ जीबी एवढीच जागा घेतो व त्यानंतर जुन्या नोंदी काढून टाकतो. सुरक्षाविषयक नोंदी करणाऱ्या ‘ऑडिटडी’ची मूळ मांडणी ८ एमबीच्या ५ फाइली, म्हणजे अवघ्या ४० एमबी एवढी असते, गजबजलेल्या सर्व्हरवर ती एका दिवसातही उलटू शकते. विंडोजचा सुरक्षा-लॉगही मूळ मांडणीत २० एमबीचाच असून भरला की जुन्यावर नवे लिहितो. तेव्हा १ टीबीची डिस्क जोडूनही नोंदी महिन्याभराच्याच मिळाव्यात, हे सहज शक्य आहे. १८० दिवसांसाठी लॉगरोटेटमध्ये आठवड्याच्या किमान २६ प्रती सांगाव्या लागतात व इतर मर्यादाही त्या हिशोबाने वाढवाव्या लागतात. ऑडिटडीला डिस्क भरल्यास काय करावे हेही सांगता येते. नोंदीशिवाय काम होऊ नये असा दंडक असलेल्या ठिकाणी यंत्रच बंद करण्याची आज्ञा देतात. अशा यंत्रावर ऑडिट-नोंदींची डिस्क इतर लॉगपासूनही वेगळी नसेल, तर एखाद्या वेबसेवेच्या बडबडीमुळे सर्व्हर बंद पडेल.

१८० दिवसांचा आकडा कायद्यातून आला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ७०ब खाली सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरविणारे, डेटा केंद्रे, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या सर्व संगणक प्रणालींचे लॉग सलग १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात सुरक्षित ठेवावयाचे आहेत. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविण्याचे बंधन व घड्याळे राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळती ठेवण्याची अपेक्षाही त्यांतच आहे. घड्याळाची अट किरकोळ वाटते, पण दोन यंत्रांच्या वेळा जुळत नसतील तर त्यांच्या नोंदी एका सूत्रात ओवता येत नाहीत. क्लाउडवरील यंत्रे पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात. भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ती साडेपाच तासांनी मागे असते, हे तपास करताना ध्यानात ठेवावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत प्रवेशाविषयीचे लॉग एक वर्ष ठेवण्याची तरतूद असून ती लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

कारखान्यातील आभासी डिस्का : स्वतःच्या आभासी यंत्रणेत डिस्क दोन तऱ्हांनी घेता येते. एकीत संपूर्ण जागा आधीच राखली जाते. दुसरीत जागा कागदोपत्री दिली जाते व प्रत्यक्षात लागेल तशी घेतली जाते. दुसऱ्या तऱ्हेत सर्व यंत्रांना दिलेल्या जागेची बेरीज मूळ साठ्याहून अधिक असू शकते. अशा वेळी लॉगची ‘स्वतंत्र’ डिस्क वाढत जाऊन मूळ साठाच संपवते आणि तिच्याशी काही संबंध नसलेली, त्याच साठ्यावरील इतर यंत्रेही थबकतात. उत्पादनाच्या साखळीला जोडलेल्या सर्व्हरच्या बाबतीत याचा अर्थ एका यंत्राच्या लॉगमुळे असेंब्ली लाइन थांबणे, असा होऊ शकतो. म्हणून लॉगच्या डिस्कची जागा आधीच राखलेली असावी व शक्य तर ती वेगळ्या साठ्यावर असावी. व्हीएमवेअरमध्ये डिस्क ‘स्वतंत्र व कायम’ या प्रकारची ठरविल्यास ती स्नॅपशॉटमधून वगळली जाते. त्यामुळे गुरुवारी केलेला बदल फसून यंत्र पूर्वस्थितीला नेले तरी तो का फसला हे सांगणाऱ्या नोंदी शिल्लक राहतात. एरवी यंत्राबरोबर त्याही मागे जातात व तोच प्रयोग पुढच्या गुरुवारी पुन्हा होतो.

मर्यादा : वेगळी डिस्क नोंदींना अपघातापासून वाचविते, शत्रूपासून नाही. यंत्राचा पूर्ण ताबा मिळविलेला घुसखोर जोडलेल्या कोणत्याही डिस्कवरील नोंदी पुसू किंवा बदलू शकतो आणि बहुधा तेच आधी करतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेवर हल्ला होऊन अनेक देशांतील एटीएम यंत्रांतून व परदेशी खात्याकडे वळवून सु. ९४ कोटी रुपये काढले गेले. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न पोहोचता बनावट यंत्रणेकडून परस्पर मंजूर होत होत्या. अशा प्रसंगी एकाच यंत्राची साक्ष पुरत नाही. तिसरीकडे ठेवलेल्या नोंदींशी ती ताडून पाहावी लागते. त्यामुळे महत्त्वाचे लॉग लिहिले जाताच, तत्काळ, जाळ्यामार्फत दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवितात व त्या सर्व्हरची किल्ली वेगळ्या व्यक्तींच्या हाती ठेवतात. आरसिसलॉग हा कार्यक्रम यासाठी सर्रास वापरला जातो. जाळे तुटल्यास तो नोंदी रांगेत साठवून ठेवू शकतो. ही रांग अतिरिक्त डिस्कवरच ठेवावी, कारण दीर्घ खंडात ती लॉगइतकीच वाढते. त्याहून जुन्या नोंदी स्वस्त वस्तु-साठ्यात हलवून ठराविक मुदतीपर्यंत पुसता येणार नाहीत अशा कुलपात ठेवण्याची सोय अझूर व ॲमेझॉन या दोन्ही सेवांत आहे.

यंत्र काढून टाकल्यावरही अतिरिक्त डिस्क सहसा त्याच्याबरोबर जात नाही. तसे वेगळे सांगितले नसेल तर ती सुटी होऊन खात्यावर पडून राहते, तिचे शुल्क चालू राहते आणि तिच्यावरील नोंदींत वापरकर्त्यांची नावे, पत्ते व क्वचित चुकून लिहिले गेलेले पासवर्डही असतात. अशा डिस्कांची यादी ठराविक काळाने काढून, मुदत न संपलेल्या नोंदी दुसरीकडे हलवून, मग ती नष्ट करण्याचे काम नेमून द्यावे लागते. ज्याने यंत्र काढले त्याच्याकडे ते आपोआप येत नाही.